अपेंडिक्स कोणत्या बाजूला असतं

ठाण्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी माझ्या पोटावर उजवीकडे खाली दाबलं, मी किंचाळले, आणि त्यांनी हात काढून घेतला. "अपेंडिक्स," ते माझ्या वडिलांना, अण्णांना म्हणाले. "इतके दिवस काय करत होतात?"

अण्णांच्या आधी बोलले मीच. अंगात ताप होता, घशाला कोरड पडली होती, तरी वाद घालायची खोड गेली नव्हती. मी म्हणाले, "पण डॉक्टर, अपेंडिक्स तर डावीकडे असतं."

"असं कोणी सांगितलं तुला?"

"आमच्या शाळेच्या तक्त्यात आहे."

ही गोष्ट स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांतली. मी कल्याणच्या शाळेत मॅट्रिकच्या वर्गात होते आणि शरीरशास्त्र हा माझा लाडका विषय होता. पचनसंस्थेची आकृती मी डोळे मिटून काढायची. घरात कुणाला खोकला झाला तरी माझं व्याख्यान सुरू व्हायचं. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच, पण अण्णांना त्याचं केवढं कौतुक! ते रेल्वेत कारकून होते. घरात मॅट्रिकपर्यंत पोचलेली मी पहिलीच मुलगी.

दुखणं सुरू झालं बेंबीभोवती. एकदा उलटी झाली. दुसऱ्या दिवशी कळ सरकत उजवीकडे खाली गेली आणि तिथेच ठाण मांडून बसली. अण्णांच्या ऑफिसातले एक गृहस्थ अपेंडिक्सनं गेले होते, त्यामुळे अण्णा घाबरले. डॉक्टरांना बोलावू या, म्हणू लागले. मी त्यांना पेन्सिलीनं आकृतीच काढून दाखवली. हे मोठं आतडं, हे अपेंडिक्स, डावीकडे खाली. माझं दुखतंय उजवीकडे, म्हणजे हा नुसता वात. अण्णांचा चेहरा खुलला आणि ते ऑफिसला गेले. आईनं एरंडेल पाजलं.

पोटात अशी कळ असताना एरंडेल कधीही देऊ नका. आतडी जोरानं हलतात आणि सुजलेलं अपेंडिक्स फुटू शकतं. गरम पाण्याची पिशवीही नको. बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे उतरणारी कळ, उलटी आणि बारीक ताप, एवढं जमलं की सरळ डॉक्टरांकडे जा. शेवटी बोलावलेल्या आमच्या कल्याणच्या डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि ताबडतोब ठाण्याला न्यायला सांगितलं. पण तोवर तीन-चार दिवस गेले होते.

आता ऑपरेशन करायचं नाही, असं ठाण्याच्या डॉक्टरांनी ठरवलं. माझ्या पोटात लंप झाला होता. लंप म्हणजे गोळा. अपेंडिक्स फुटू लागलं की आजूबाजूची आतडी त्याला वेढून घेतात, घाण पसरू देत नाहीत. त्यात सुरी घातली तर तो वेढा मोडायचा आणि पेरिटोनायटिस व्हायचा, म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तराला सूज. त्यातून वाचणं कठीण. तेव्हा थांबायचं. तोंडानं काही द्यायचं नाही, शिरेतून सलाइन द्यायचं, दर थोड्या तासांनी पेनिसिलीनची सुई, आणि पाठीशी उशा लावून अर्धवट बसवून ठेवायचं.

मग त्यांनी जांभळी पेन्सिल ओली केली आणि हातानं चाचपत माझ्या पोटावर गोळ्याभोवती रेघ ओढली. अण्णा व्हरांड्यात निघून गेले. आईनं मान वळवली. "गोळा रेघेच्या आत सरकला तर मुलगी वाचली. बाहेर गेला तर कापावंच लागेल," एवढं सांगून डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले.

आजारपणात स्वस्थ पडून राहावं असं सगळे सांगतात. ज्याला सांगतात त्यालाच विचारा! माझा एक पाय सारखा हलायचा. चादरीचं टोक मी पिळून पिळून चिंधी करून टाकलं. दर घटकेला चादर उचलून मी रेघ बघायची आणि नर्स रागावून ती खाली ओढायची. स्वतःची नाडी बघायचा तर मला नादच लागला. नाडी मोजायच्या भीतीनंच ती वाढायची, की वाढली म्हणून मी घाबरायची, काही कळेना. शेजारच्या खाटेवरची बाई काहीच शिकलेली नव्हती आणि गाढ झोपायची. मला तिचा हेवा वाटे.

शरीरशास्त्राचे सर भेटायला आले. खाटेपासून चार हात दूर उभं राहून त्यांनी विचारपूस केली. आईनं त्यांना तक्त्याची हकीकत सांगितली तेव्हा ते खाली बघू लागले. मुलांच्या तुकडीत ते एखाद्याला पुढे बोलवत, त्याला सदरा वर करायला लावत आणि त्याच्याच अंगावर छडी टेकवून दाखवत. मुलींच्या तुकडीत असं कसं करणार? मुलीच्या अंगाकडे बोट दाखवायचं नाही, स्वतःच्याही नाही. आम्हाला शिकवताना ते सगळा तास तक्त्याकडेच बघत. चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते, हे मुलांना न सांगता कळलं. आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. हृदय डावीकडे हे ठाऊक होतं, पण पचनाच्या तक्त्यात हृदय नव्हतंच.

त्याच दिवशी दुपारी ताप चढला. डॉक्टरांनी चाचपलं आणि जुन्या रेघेबाहेर बोटभर अंतरावर दुसरी रेघ ओढली. संध्याकाळपर्यंत अजून वाट बघू, नाडी उतरली नाही तर कापू, म्हणाले. अण्णांना बाजूला घेऊन त्यांनी धोक्याची कल्पना दिली. मला ऐकू आलं नाही, पण अण्णांची मान हलताना दिसली.

आईला अण्णांनी चहाला पाठवलं आणि प्रथमच माझ्या खाटेवर बसले. मी रडत होते. माझ्या शहाणपणानंच हे झालं, असं म्हणत होते.

"नाही," अण्णा म्हणाले. "तू सोळा वर्षांची पोर. मला भीती वाटत होती, ती कुणीतरी घालवायला हवी होती. तू चित्र काढलंस आणि मी सुटलो. तू उजवीकडे काढलं असतंस ना, तरी मी दुसरं काहीतरी शोधलं असतं."

मग ते उगाच माझी चादर सारखी करत बसले. अण्णांच्या जवळ इतका वेळ मी लहानपणानंतर बसले नव्हते. मला मरायचं नव्हतं, आणि ते मी त्यांना तसंच सांगितलं.

संध्याकाळी नाडी उतरली. का उतरली, डॉक्टरांनाही नेमकं सांगता आलं नाही. पेनिसिलीन नवं औषध होतं, त्यानं हात दिला असावा. दुसऱ्या दिवशी गोळा पहिल्या रेघेला येऊन टेकला, मग आत गेला, मग बोटांना लागेना. पेजेचा पहिला चमचा आईनं भरवला तेव्हा डॉक्टर मुद्दाम बघायला थांबले. त्या माणसाचे उपकार फिटायचे नाहीत. कापण्यापेक्षा थांबण्याला जास्त धीर लागतो, आणि तो माझ्यापाशी नव्हता, त्यांच्यापाशी होता.

तीन महिन्यांनी पुन्हा ठाण्याला जाऊन अपेंडिक्स काढून घेतलं. मार्चची परीक्षा बुडाली, ऑक्टोबरला बसले आणि पास झाले. चुळबुळ्या स्वभाव मात्र तसाच राहिला. फक्त व्याख्यानं बंद झाली. घरात कुणी शिंकलं की मी तोंड मिटून स्वयंपाकघरात जायची. अण्णांच्या ते लक्षात आलं असणार.

निकालानंतर काही दिवसांनी अण्णा ऑफिसातून लवकर आले. ओटीवर बसले आणि छातीच्या खाली हात धरून म्हणाले, "कुसुम, इथं सकाळपासून दुखतंय गं. काय असेल?"

त्यांनी आईला हाक मारली नव्हती. मला मारली होती. मी जवळ गेले, त्यांच्या सदऱ्यावर हात ठेवला. आतल्या एकेका अवयवाचं नाव माझ्या जिभेवर आलं.

"मला माहीत नाही, अण्णा," मी म्हणाले. "चपला घाला. डॉक्टरांकडे जाऊ."