ठुशीवाल्या आजींचा आवाज

महाप्याला आमच्या पेढीचा कारखाना आहे आणि त्याच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर जुन्या दागिन्यांचं दालन. पेढी मुंबईतली, काही पिढ्यांची. आधीच्या एका मालकांनी मोडीत आलेले चांगले नग आटवायला द्यायचे नाहीत असं ठरवलं आणि ते बाजूला काढत गेले. त्यांच्या सुनेनं त्या नगांचं दालन केलं. मी तिथे दागिन्यांची माहिती लिहिते, कुणी बघायला आलं तर दाखवते. येतात ते बहुतेक व्यापारी, क्वचित कॉलेजच्या मुली. गेटवर मोबाइल जमा करायचा, झडती द्यायची आणि वर जाऊन बसायचं. खिडकी नाही. मिस्टर गेल्यावर ऐरोलीच्या घरात बसवेना म्हणून ही नोकरी धरली, तर इथेही दिवसभर कुणाशी बोलणं होत नाही.

एकदा मॅडम, म्हणजे मालकांच्या त्या सूनबाई, म्हणाल्या, "आपल्याकडे वजन लिहिलंय, घडण लिहिलीय. घातलं कुणी ते कुठेच नाही. लोकांनाच विचारूया." मग दुकानांमधून पाट्या लागल्या, आमच्याकडे घडवलेला जुना दागिना असेल तर दाखवायला आणा आणि त्याची गोष्ट सांगा म्हणून.

पहिल्यांदा आल्या त्या ऐरोलीजवळच्या गावातल्या एक आगरी आजी. एकट्याच, रिक्षाने. पिशवीतून स्टीलचा डबा काढला, त्यात फडक्यात गुंडाळलेली ठुशी. गळ्यालगत बसणारी, बारीक मण्यांची. दोरा घामाने काळा पडलेला.

"सासूची हाय," त्या म्हणाल्या. "भात विकून केली तिनं. मना दिली ती जित्यापनी दिली, सोताच्या हातानं गल्यात बांदली."

मी रेकॉर्डर चालू केला आणि त्या बोलत राहिल्या. भाताची खाचरं, मिठागरं, नव्या शहरासाठी जमिनी गेल्या तेव्हा घरातले पुरुष काय बोलले आणि बायका काय बोलल्या. सासू फार रागीट होती, पण ठुशी दिली त्या दिवशी तिने सुनेच्या केसांना तेल लावून दिलं. मध्येच त्या लग्नातला एक धवला गाऊ लागल्या, अर्ध्यावर शब्द विसरल्या आणि तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

दालनात काही महिने ठेवायला त्यांनी ठुशी दिली. मॅडम म्हणाल्या, नव्या दोऱ्यात गाठवून घेऊ, पॉलिश करू. आजींनी डब्यावर हात ठेवला. "धुवू नका. हाय तशीच ठेवा."

तशीच ठेवली. काचेपाशी बटण दाबलं की आजींचा आवाज यायचा, पण मॅडमना तो मिनिटभराचाच हवा होता. कापाकापीचं काम मी ऑफिसच्या लॅपटॉपवर घरी करायचे. कुकर लावताना, कपड्यांच्या घड्या घालताना सगळं रेकॉर्डिंग लावून ठेवायचे. काम संपल्यावरही लावत राहिले. त्या कुठे थांबतात, कुठे खोकतात, पाठ झालं. एका ठिकाणी त्या मला विचारतात, "तुमी जेवल्या का?" एकदा स्वयंपाकघरातून मी "हो" म्हणून गेले.

मुदत संपल्यावर ठुशी परत द्यायला मीच गेले. रेकॉर्डिंग मोबाइलवर घेतलं होतं. चार मजली इमारत, वर मुलगे आणि भाडेकरू, आजी तळमजल्यावरच्या खोलीत. "आली का माजी बाय!" म्हणत त्यांनी माझे दोन्ही हात धरले. ठुशी उलटून बघितली, दोरा नखाने चाचपला आणि डब्यात ठेवून दिली.

"आजी, तुमचं बोलणं आणलंय," मी म्हणाले. "सगळंच्या सगळं."

रेकॉर्डिंग लावून मी मोबाइल कॉटवर ठेवला. त्यांची थोरली सून चहा ठेवून वर जायला निघाली होती, ती दारातच थांबली.

"हे आमाला कधीच नाय सांगितलं यांनी," ती म्हणाली. मग हळूच, "आमी तरी कुठे विचारलं."

तिने जिन्यातून हाक मारून मुलीला खाली बोलावलं. मुलगी ऑफिसातून नुकतीच आलेली, गळ्यात अजून ओळखपत्राची पट्टी. आजीशेजारी पाय वर घेऊन बसली. रेकॉर्डिंगमधल्या आजी धवल्याच्या मध्यावर अडल्या आणि सुनेनं पुढची ओळ उचलली. तिला तो अख्खा येत होता. आजींना आता कमी ऐकू येतं, त्या तिच्या ओठांकडे बघून मान हलवायला लागल्या आणि दोघी एकत्र गाऊ लागल्या. मुलीने पटकन स्वतःचा मोबाइल काढून त्यांच्यासमोर धरला. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर होते. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, बघायचं कारणही नव्हतं.

ते रेकॉर्डिंग मी मुलीला पाठवलं आणि निघाले. "जेवून जा," आजी म्हणाल्या. बाहेर गाडी थांबलीय, मी सांगितलं.

मुलीने नंतर तो पुरा धवला पाठवला. मॅडम खूश झाल्या, आता दालनात तोच लागतो. सुनेचा अधूनमधून फोन येतो, "या ना ताई, आई आठवण काढतात." येते म्हणते. पण त्या घरात आता आजींचं ऐकणारी माणसं आहेत. मी काय म्हणून जाऊन बसायचं ते ठरत नाही, आणि रविवार निघून जातो.