दोघंही सुखरूप
“कुंकू पुसू नको गो! सायबाच्या पेपरात दोघंही सुखरूप म्हणून छापलंय,” असं ओरडत सासूने माझा हात धरला. माझ्या केसांत अजून खाडीचा चिखल होता. आदल्या दुपारी वारा सुटलेला असतानाही पेपरच्या मालकाचा निरोप आला, म्हणून आम्ही नवरा-बायको त्याच्या उमेदवाराच्या सभेच्या खुर्च्या होडीतून पलीकडे नेत होतो. होडी उलटली आणि नवरा माझ्या डोळ्यांसमोर बुडाला. प्रेत मिळालं नाही. मी मालकाच्या बंगल्यावर गेले, तर तो म्हणाला, “मतदान होऊ दे बाई, मग खरं छापू.” त्याचा माणूस मंत्री झाला, पण खरं कधी छापलंच नाही. सासू रोज मुलाचं ताट वाढायची. मी रडले की म्हणायची, “सायब कशाला खोटं छापील? तूच खोटारडी हायस.” ती जगली तोवर मी कुंकू लावलं. अजूनही जेवताना माझा हात एक ताट जास्त काढतो. आज बाजारातून सुकट आणली, तर पुडीच्या कागदावर पेपरचा मालक वारल्याची बातमी होती. त्या होडीतून मी एकटी जिवंत आले.