माझा ड्रोन जिच्यावर पडला

दोस्तहो, दुपारी पोलीस ठाण्यातून आलो, तुमचा सल्ला हवाय.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. ड्रोन ही माझी हौस. मागच्या महिन्यात चाकूरजवळच्या एका जत्रेत, परवानगी न काढता, मी तो कुस्त्यांच्या फडावर उडवला. गर्दीवर फार खाली आणला, ताबा सुटला आणि तो बायकांमध्ये कोसळला. एका आजींचा डोळा गेला. ड्रोन जप्त झाला, माझ्यावर गुन्हा दाखल झाला.

आज सहीसाठी बोलावलं होतं. बाहेरच्या बाकावर त्याच आजी बसल्या होत्या, डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी. जत्रेत त्यांना उचलून नेताना मी पाहिलं होतं; त्यांनी मला कधी पाहिलंच नव्हतं. सरकून जागा देत म्हणाल्या, "बस की बाबा. तुझं काय चोरीला गेलं?"

मी बाकाच्या कडेला टेकलो.

"मी जबाब द्यायला आले," त्या सांगू लागल्या. "वर ते गरगर फिरत होतं. मीच नातीला म्हणलं, बघ, इमान आलंय. लेकराला काय झालं न्हाई, ते लई बरं झालं."

तेवढ्यात आतून शिपायानं विचारलं, "ड्रोनवाले कोण हायत?"

मला उठावं लागलं. आजी उजव्या डोळ्यानं नुसत्या बघत राहिल्या.

वकील म्हणतात, खटला चालेल, शिक्षाही होऊ शकते, आजींशी एक शब्द बोलू नका. पण ती नजर समोरून हलत नाही.

तुम्हीच सांगा, वकिलांचं ऐकू, की उद्या आजींच्या दारात जाऊ?