दोन बाद झाले की

तोकुनागा सरांनी ओरिताबाईंना पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा सर स्वतःवरच चिडलेले होते. शिओउराच्या मैदानावर गावच्या पेलिकन्स संघाचा बेसबॉलचा सामना चालला होता. सातव्या डावात भूक आवरेना, म्हणून सर जिना उतरून स्टँडखालच्या उदोनच्या खिडकीपाशी गेले. गरम रश्श्यातल्या जाड नूडल्सचा वाडगा हातात पडतो न पडतो, तोच डोक्यावरचं काँक्रीट हादरलं. वीस हजार माणसं एकदम ओरडली होती.

"झालं! वर काहीतरी मोठं घडलं आणि मी इथे!"

खिडकीतल्या ठेंगण्या बाईंनी कांद्याची पात भुरभुरवत, वर न बघताच सांगितलं, "मुराकोशीनं होमरन मारली, सर. उजवीकडे गेली. आधीचा एक तळावर होता, म्हणजे दोन धावा."

"तुम्हाला इथून दिसतं?"

"इथून मला भिंत दिसते. प्रत्येक फलंदाजाची तुतारीवरची धून वेगळी असते ना, आत्ता मुराकोशीची वाजत होती. आणि उजवा स्टँड आधी ओरडला."

"आणि मी सर आहे हे कोणत्या धुनीवरून ओळखलंत?"

"बाहीवर खडू लागलाय."

सर वर धावले. बाईंचं बोलणं अक्षरन् अक्षर खरं निघालं. ही गोष्ट १९८४ सालची. तेव्हापासून सर दर सामन्याला त्यांच्याच खिडकीवर उदोन खाऊ लागले, आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की सामना इतका अचूक सांगणाऱ्या या बाईंनी सामना कधी पाहिलेलाच नाही.

त्याला कारण कामाची रीत. तिसरा गडी बाद झाला की डाव बदलतो आणि लोक जिन्यावरून लोंढ्यासारखे खाली येतात. त्यांना उभं ठेवायचं नसेल, तर नूडल्स त्याआधीच उकळत्या पाण्यात पडायला हव्यात. म्हणून दोन बाद झाल्याचा गलका ऐकू आला की ओरिताबाईंचे हात आपोआप पातेल्याकडे जात. आणि मोठ्या गोष्टी मेल्या घडायच्या त्या नेमक्या दोन बाद झाल्यावरच!

पेलिकन्स पहिल्यांदा अजिंक्य ठरले, तेव्हा सगळं गाव रडलं. ओरिताबाई नूडल्स निथळत होत्या. "हिसानोला म्हटलं, दोन मिनिटं पातेलं बघ, मी बघून येते. तर हीच पळाली वर!" हे त्या इतक्या वर्षांनंतरही हिसानोच्या तोंडावर सांगत. दोघी मिळून खिडकी चालवत. हिसानो म्हणे, "तुझे पाय हळू, त्याला मी काय करू?" पुढे संघाचा लाडका गोलंदाज हिनोकुमानं निवृत्तीच्या दिवशी शेवटचा चेंडू टाकला, तेव्हा बाई जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पोचल्या होत्या. नेमका मागे रस्सा उतू गेला.

मग लोक खाली यायचे आणि जो तो हातवारे करून दाखवायचा, चेंडू कसा गेला, कुणी कशी झेप घेतली. "चाळीस वर्षं मी लोकांचे हात बघतेय, सर," त्या म्हणायच्या. "एकदा, फक्त एकदाच, मला चेंडू बघायचाय."

जुनं मैदान पाडायचं ठरलं, तेव्हा संघाच्या कचेरीनं जिन्याच्या वळणावर मोठा फलक लावला: पेलिकन्सचे अविस्मरणीय क्षण. कचेरीतली एक मुलगी बाईंकडेही आली. तुमचा आवडता क्षण कोणता?

"मी एकही पाहिला नाही. तसंच लिही."

मुलगी गोड हसली. दोन दिवसांनी फलकावर बाईंचा फोटो लागला. खाली लिहिलं होतं, 'सगळेच! – स्टँडखालच्या मावशी'.

"सगळेच!" त्या दिवशी सरांच्या वाडग्यात पात जरा जोरानेच पडली. "खरं सांगितलं तर थट्टा वाटते यांना."

सरांच्या शेजारची खुर्ची सहा वर्षं रिकामी होती. पत्नी गेल्यानंतरही दोन्ही खुर्च्या ते दर वर्षी राखून ठेवत. त्यांनी वाडगा खाली ठेवला आणि म्हणाले, "शेवटच्या सामन्याला माझ्याशेजारी बसा."

"आणि इथे कोण बघेल?"

"मी मेले नाही अजून," आतून हिसानो म्हणाली. "जा एकदाची. माझ्या मागची कटकट तरी संपेल."

ओरिताबाईंनी हात पुसले. "एक करा, सर. दोन बाद झाले की माझे पाय उठतील. त्यांना सांगून काही उपयोग नाही. माझी बाही धरून ठेवा."

"धरीन," सर म्हणाले.

शेवटचा सामना रविवारी दुपारी होता. बाई मांडीवर पर्स घेऊन, परीक्षेला बसल्यासारख्या बसल्या. पहिल्याच डावात दोन बाद झाले आणि त्या ताडकन उठल्या. सरांनी बाही ओढली.

"बसा."

"बसलेय की!"

चौथ्या डावात पुन्हा तेच. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ आजी, बसा ना! डोकं मध्ये येतंय."

बाई वळल्या. "आजी कुणाला म्हणतोस? पात जास्त, मिरची नको म्हणत दर सामन्याला माझ्याच हातचं खातोस ना?"

"अरे बापरे, मावशी! तुम्ही वर कशा?"

नवव्या डावापर्यंत सरांनी बाही सोळा वेळा ओढली. पेलिकन्स एका धावेनं मागे होते. एक जण पहिल्या तळावर उभा, आणि दुसरा गडी बाद झाला. पलीकडच्या संघाचे लोक टाळ्या पिटू लागले, "आणखी एक! आणखी एक!" सरांनी बाही मुठीत घट्ट धरली. बाई जागच्या हलल्या नाहीत.

मग आपल्या बाजूच्या तुताऱ्या सुरू झाल्या आणि सगळ्या स्टँडनं लाल टॉवेल वर उचलले. पेलिकन्सचा टॉवेल दोन्ही हातांनी ताणून डोक्यावर धरायचा असतो. गावात लहान पोरालाही हे ठाऊक. सरांच्या गळ्यात पत्नीचा टॉवेल होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी वर धरला.

बॅटचा आवाज आला. चेंडू वर, आणखी वर, उजव्या स्टँडच्या दिशेनं गेला. सर ओरडले, रडले, पुढच्या अनोळखी माणसाला त्यांनी मिठी मारली. मग "पाहिलंत?" म्हणत शेजारी वळले. खुर्चीवर नुसती पर्स होती.

बाई जिन्यावर सापडल्या. सातव्या पायरीवर, तोंड खालच्या बाजूला, एक हात भिंतीवर.

"उजवीकडे," त्या न वळताच म्हणाल्या. "दोन धावा. जिंकलो."

"ओरिताबाई, मी..."

"तुम्ही सोडलंत."

"टॉवेल..."

"दोन हातांनी धरतात. ठाऊक आहे मला." आता त्या वळल्या. "आज आपण वर आहोत हेच मी विसरले, सर. हे पाय! कापून टाकावेत असे पाय!"

एवढ्यात वरून लोंढा आला. सगळ्यात पुढे मघाशी 'आजी' म्हणणारा तो मागच्या रांगेतला होता. "मावशी! बघितलंत ना? बॅट अशी फिरवली त्यानं, अश्शी..."

"हात खाली घे!" बाई कडाडल्या. "उदोन हवंय का ते सांग."

त्या खाली गेल्या आणि त्यांनी ॲप्रन बांधला. हिसानोनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती पातेल्यापासून बाजूला सरकली. सर पर्स घेऊन मागच्या दारानं आत शिरले आणि पात चिरायला लागले.

"जाड चिरताय," थोड्या वेळानं बाई म्हणाल्या.

त्यांनी बारीक चिरायचा प्रयत्न केला.

ओरिताबाई आता पंचाहत्तर वर्षांच्या आहेत आणि नव्या मैदानात तेराव्या काउंटरवर उभ्या असतात. तिथे भिंत नाही. समोर सगळं मैदान उघडं आहे, आणि रांग लागली की ते दिसत नाही.