कुजबुजीपुरता अ‍ॅम्प्लिफायर

मनिषाचं लग्न आवाजावर जमलं, असं तिच्या माहेरी हसून सांगायचे. धम्मानंद गुरुजी तिला बघायला आले, कुणीतरी आग्रह धरला आणि त्यांनी बसल्या जागी भीमगीत म्हटलं. शेजारच्या बायका पीठभरल्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. मनिषानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं ते तेव्हाच.

पुढं ती जिंतूरच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवू लागली आणि गुरुजी येलदरीच्या वाटेवरल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. घरात तिसरी सरजाबाई, गुरुजींची आई. म्हातारीला उतारवयात ऐकू येईनासं झालं. शिबिरात मिळालेलं कानातलं यंत्र तिनं दोन दिवसांत काढून ठेवलं. कान दुखतो म्हणाली. पण लेकाचं बोलणं तिला बरोबर कळायचं. "बाकीचे नुसते ओठ हालवतेत," ती म्हणायची, "बोलतो एकटा माझा धम्मा."

त्याच धम्माच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाजाचे पडदे काढावे लागले. उरली ती कुजबूज, नुसता श्वास ओठांवर घडवून केलेली. शाळेतली पोरं बिचारी पुढं सरकून, श्वास रोखून ऐकायची. मागच्या ओळीपर्यंत मात्र काही पोचत नव्हतं. सरजाबाईला वाटलं, लेक रुसला. "काय चुकलं रे माझं? बोल की," असं ती रोज विचारायची, आणि गुरुजी तिच्यासमोर बसून ओठ हालवत राहायचे.

मनिषानं परभणीच्या बाजारातून कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणला. तो धडधाकट गळ्यासाठी केलेला. कुजबुजीसाठी पूर्ण वाढवला की शिट्टी मारायचा, दुसऱ्या तासाला बॅटरी संपायची, आणि शब्द तुटके यायचे. तिनं तो टेबलावर उघडला आणि तिला दुखणं कळलं. स्पीकरला दोन ट्रान्झिस्टर पाळीपाळीनं ओढतात. आवाजाच्या लाटेचा वरचा अर्धा भाग एकाकडे, खालचा दुसऱ्याकडे. एकानं सोडायचं आणि दुसऱ्यानं धरायचं, त्या क्षणी थोडं सांडतं. मोठ्या आवाजात ते कुणाला जाणवतही नाही. कुजबुजीत मात्र सगळा आवाजच तेवढा असतो. तोच सांडत होता.

उपाय म्हणजे दोघांनाही थोडा प्रवाह सतत देत राहायचा, म्हणजे ते जागे राहतात. जास्त दिला तर बॅटरी संपते, कमी दिला तर शब्द तुटतात. मोबाइलच्या जुन्या बॅटरीवर सगळं भागवायचं होतं. तिचा विजेचा दाब अपुरा पडे, म्हणून तिनं स्पीकरच्या दोन्ही टोकांना ट्रान्झिस्टरची वेगवेगळी जोडी लावली. एक ढकलेल तेव्हा दुसरी ओढेल. वर्कशॉपमध्ये सर्किट छान चाललं. शाळेत नेलं तेव्हा एप्रिल होता, वर पत्रे. ट्रान्झिस्टर तापले, तापले तसा जास्त प्रवाह ओढू लागले, आणि ओढला तसे आणखी तापले. दुपारपर्यंत सगळं बंद. गुरुजी फळ्यावर लिहून शिकवून घरी आले आणि सर्किटचा डबा तिच्या टेबलावर ठेवला. तिनं मग ट्रान्झिस्टरला अगदी चिकटवून एक डायोड बसवला. तो त्यांच्याबरोबर तापायचा आणि तापला की प्रवाहाला लगाम घालायचा. आता पत्र्याखालीही सर्किट ढळेना.

त्या रविवारी सरजाबाई ओसरीत तूर निवडत बसली होती. गुरुजींनी माइक ओठांशी धरला, कमरेचा डबा सुरू केला आणि म्हणाले, "माय."

म्हातारीचे हात थांबले. "कोन बोलायलंय गं, मनिषा? पाव्हना आलाय का?"

"मी हाय माय. धम्मा."

तिनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "न्हाई. माझ्या धम्माचा आवाज असा न्हाई."

गुरुजींनी बटण बंद केलं आणि आत जाऊन पडून राहिले. मनिषानं डबा पुन्हा तपासला. खोट सापडावी अशी तिची फार इच्छा होती. सापडली नाही. जे दिलं होतं तेच मोठं होऊन आलं होतं.

तरी गुरुजी डबा लावून शाळेत जात राहिले. हळूहळू म्हातारीही मानली. संध्याकाळ झाली की म्हणायची, "डबा लाव रे, बोलू." मग तिनं लहानपणी येलदरीच्या धरणावर मायबापाबरोबर वाहिलेल्या मातीच्या पाट्यांच्या गोष्टी निघायच्या. गुरुजी मुद्दाम प्रश्न विचारायचे. ते वर्ष बरं गेलं.

दुखणं फिरून आलं ते फुप्फुसात. आता श्वासच कमी पडू लागला. माइकमधून नुसती सरसर यायची. "थोडं वाढवते," मनिषा म्हणाली. वाढवलं तर सर्किटची स्वतःची खरखरच मोठी होणार, हे तिला ठाऊक होतं. गुरुजींनी मान हलवली, माइक काढून तिच्या तळहातावर ठेवला आणि तिची मूठ मिटली. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

विहारातली माणसं आली, वंदना झाली, पाहुणे गेले. सरजाबाई त्या सगळ्यात कोरड्या डोळ्यांनी बसून होती. घर रिकामं झाल्यावर ती म्हणाली, "मनिषा, डबा लाव की. धम्मा बोलंल."

मनिषा ओरडून सांगू लागली, म्हातारीला कळेना. शेवटी तिनं माइक स्वतःच्या ओठांशी लावला. "आत्याबाई, यात काही साठत नसतं. तोंडाशी येईल तेवढंच मोठं होतं."

सुनेचं बोलणं इतकं स्पष्ट कितीतरी वर्षांनी तिच्या कानी पडलं. ती डब्याकडे बघत राहिली. "म्हंजी त्यो न्हाईच आता?"

"न्हाई, आत्याबाई."

मग म्हातारी रडली. मनिषालाही हुंदका आला, तो स्पीकरमधून घरभर वाजला, आणि ती घाईनं माइक काढू लागली. सरजाबाईनं तिचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. मला कुनाचं रडूबी ऐकू येईना गेलं. ऐकू दे."

शेजारची कस्तुराबाई भाकरी घेऊन आली होती. ती उंबऱ्यातच थांबली.