बारीक आवाजाचं स्टेशन

दुकानात रेडिओ मांडून ठेवले होते आणि आमचे हे एकेकाचा कान पिळत होते.

"गावचं स्टेशन लावून काय कळणार?" ते दुकानदाराला म्हणाले. "जवळचं कुठल्याही डब्यावर लागतं. शॉर्टवेव्हवर लांबचं, बारीक आवाजाचं काहीतरी लावून बघू द्या."

मग एरियल ओढून, डोळे मिटून, ते केसभर केसभर बटण फिरवत राहिले. खरखरीतून एका बाईचा आवाज वर आला, बुडाला, पुन्हा आला. देश कुठला, भाषा कुठली, कुणास ठाऊक. पण तिचा एक शब्दही निसटू नये म्हणून ह्यांनी श्वाससुद्धा रोखला होता.

मला त्या बाईचा असा राग आला! तीस वर्षं मी हाताच्या अंतरावरून, चांगल्या, समजेल अशा मराठीत बोलते आहे. माझं ऐकताना ह्यांचे डोळे मिटले ते फक्त झोपेने. माणसाला लांबच्यालाच कान द्यायची हौस असते की काय? मी म्हणजे कुठल्याही डब्यावर लागणारं स्टेशन.

मग मीही आवाज अगदी बारीक केला. "अहो, चहा घेऊ या का?"

ह्यांनी डोळे न उघडता हात वर केला.

"थांब गं जरा. खरखर वाढतेय."