गेटकाकांचा किल्ला

आमच्या ह्यांना सगळी कॉलनी गेटकाका म्हणते. काचेच्या कारखान्याच्या गेटवर उभं राहण्यात जन्म गेला. गाडी आली की नंबर बघायचा, माणूस आला की पास बघायचा. एकदा खुद्द मालकांचे मेहुणे पासशिवाय आले, तर त्यांनाही उन्हात ताटकळत ठेवलं. मालक हसले म्हणून बरं, मी मात्र कपाळाला हात लावला. आता निवृत्त झाले, पण जित्याची खोड ती. घरची बेल वाजली की आतूनच विचारतात, "कोण? कोणाकडे?" माझी सख्खी बहीण एकदा वैतागून जिन्यावरूनच परत निघाली होती.

आणि अशा माणसाच्या हातात आमच्या लेकीने मोबाइलवरचा खेळ दिला!

लेक दुसऱ्या शहरात दातांच्या दवाखान्यात नोकरी करते. फोनवर बापलेकीचं बोलणं म्हणजे आनंदच. "बरी आहेस?" "हो बाबा." पुढे दोघंही गप्प. शेवटी तिनेच डोकं चालवलं आणि बापाला आपल्या खेळाच्या टोळीत घेतलं. टोळीची म्होरकी तीच.

खेळ तसा सोपा आहे. प्रत्येकाचा एक किल्ला. भोवती तट बांधायचा, बुरुजांवर तोफा चढवायच्या आणि शत्रूच्या झुंडी अडवायच्या. शिवाय प्रत्येकाचा एक हीरो असतो, त्याला बोटाने हवा तिथे पळवून लढवायचं. ह्यांचा हीरो म्हणजे खांद्यावर हातोडा टाकलेली एक धिप्पाड बाई. हीच का निवडली, ते मी विचारलं नाही. काही गोष्टी न विचारलेल्याच बऱ्या.

खेळताना सगळे एकमेकांशी बोलतात. आणि काय सांगू, आमचे मौनीबाबा बोलायला लागले! "डावीकडून आले गं, डावीकडून! तोफ फिरव! आणि काय गं, खोकला गेला का तुझा?" तिकडून लेक म्हणणार, "गेला बाबा, बुरुज बघा तुमचा!" मग त्याच धुमश्चक्रीत तिच्या घरमालकिणीच्या कुरबुरी, दवाखान्यातल्या गमती, सगळं निघायचं. संध्याकाळ झाली की हे बाल्कनीतल्या खुर्चीत तयार. मी आतून कान देऊन ऐकायची. लेकीची खबर मलाही तिथूनच मिळायची.

एकच पंचाईत होती. ही हातोडेवाली बाई हे फाटकावरून हलवतील तर शपथ! टोळीतली पोरं ओरडून ओरडून दमली. "काका, पुढे पाठवा तिला, लढायला आहे ती!"

"आणि फाटकावर कोण, तू उभा राहणार?" हे विचारायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

एका रविवारी तर कहर झाला. ह्यांच्या किल्ल्याला वेढा पडला आणि लेकीने आपली फौज मदतीला पाठवली. पडद्यावर विचारणा आली, अमुक नावाची फौज दाराशी आली आहे, आत घ्यायची का? नेमकं लेकीने आदल्या दिवशी खेळातलं नाव बदललं होतं. ह्यांना नाव ओळखीचं वाटेना, आणि पोरांच्या गलक्यात लेकीचं ओरडणं ऐकू आलं नाही. ओळख नाही तर प्रवेश नाही! दाबलं "नाही". बिचारी फौज दारातच कापली गेली. ह्यांचा किल्ला कसाबसा तगला, पण टोळी हरली.

पोरं भडकली. काकांना काढा म्हणून सगळ्यांनी लेकीच्या नाकी नऊ आणले. ती ह्यांना म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारी अंतिम सामना आहे. त्यात तुमचा किल्ला पडला तर मलाही काही करता यायचं नाही. नियमच आहे, किल्ला पडला की टोळीतून नाव जातं. तुम्ही फक्त तुमचं फाटक सांभाळा, बाकी आम्ही बघतो."

"बरोबर आहे," हे म्हणाले. आणि पानातला भात तसाच ठेवून उठले.

"अहो, खेळच आहे तो," मी म्हटलं.

"खेळाचं काय घेऊन बसलीस! नाव गेलं तर ती बोलेल कशी माझ्याशी? मला नुसतं बोलता येत नाही गं."

मी त्यांचं पान तसंच झाकून ठेवलं.

अंतिम सामन्याला मी भाजी निवडायचं निमित्त करून शेजारीच बसले. ह्यांचा किल्ला भक्कम होता. शत्रू दारावर धडका देत होता आणि हातोडेवाली एकेकाला लोळवत होती. एवढ्यात लेक ओरडली. तिचा हीरो मैदानात एकटा सापडला होता, चारी बाजूंनी घेरलेला. म्होरक्याचा हीरो पडला की सामना संपला. बाकी सगळे लांब होते. जवळ फक्त हे.

"बाबा, तुम्ही हलू नका!" लेक म्हणाली. "तुमच्या दारात शत्रू आहे. तुम्ही हललात की किल्ला गेला, नाव जाईल तुमचं! मी बघते काय ते."

ह्यांनी एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि दिलं फाटक उघडून! हातोडेवाली बाई शत्रूच्या गर्दीतून वाट काढत जी सुटली, ती थेट लेकीपाशी. मागे शत्रू आत घुसला, बुरुज पेटले, तट कोसळला. इकडे दोघींनी पाठीला पाठ लावून मैदान साफ केलं. टोळी जिंकली. पोरांनी नुसता गलका केला.

आणि पडद्यावरून ह्यांचं नाव गेलं.

नाव जायच्या आधी लेकीचा आवाज तेवढा आला, "बाबा, मी नको म्हणत होते ना! का सोडलंत फाटक?"

"तू बाहेर होतीस ना," हे म्हणाले.

ते तिला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. हे काळ्या पडद्याकडे बघत बसले. ज्या माणसाला मी आयुष्यभर दगड म्हटलं, त्याच्यावर मला इतकी माया आली की हातातली भाजी तशीच राहिली.

तेवढ्यात फोन वाजला, साधा फोन. ह्यांनी कानाला लावला. तिकडे लेक रडत होती, मला इथवर ऐकू येत होतं.

"रडू नकोस गं," हे म्हणाले. पुढे बोलायची त्यांची चाललेली धडपड मला दिसत होती. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "बरं, मला सांग, ती तुझी घरमालकीण काय म्हणते?"

आणि खुर्चीत मागे रेलून ऐकत बसले.